सायकल आणि मद्याचा ग्लास : प्रमाण, वेळ आणि क्रम यांचा हिशेब

हौसेने सायकल चालवणाऱ्या माणसाला मद्याबद्दल मिळणारे सल्ले बहुधा दोन टोकांचे असतात. स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या लेखी थेंबही वर्ज्य असतो, तर गप्पांच्या अड्ड्यावर साठ किलोमीटर झाले की बिअर 'हक्काची' ठरते. हा लेख या दोन टोकांच्या मधल्या माणसासाठी आहे. तो अधूनमधून मद्य घेतो आणि ते सोडण्याचा आज तरी त्याचा विचार नाही, मात्र पुढच्या राइडला पाय जड पडू नयेत आणि कोणाच्या अंगावर सायकल जाऊ नये, अशी त्याची इच्छा आहे. जो मुळीच पीत नाही त्याने सुरुवात करावी असे या लेखात काहीही नाही. आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे आणि कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याचा समावेश १९८८ सालापासून आहे. तेव्हा पुढे जिथे जिथे 'माफक' हा शब्द येईल, तिथे त्याचा अर्थ 'निर्धोक' असा न घेता 'कमी धोक्याचे' इतकाच घ्यावा.

माझे निरीक्षण असे की हौशी सायकलस्वार प्रमाणात जितके चुकतात त्याहून अधिक वेळेत चुकतात. तोच एक ग्लास राइडच्या वाटेत घेतला, राइड संपताच उपाशीपोटी घेतला किंवा पाणी आणि जेवण झाल्यावर सावकाश घेतला, तर या तिन्ही वेळी शरीरावर होणारा परिणाम वेगवेगळा असतो. म्हणून आधी मोजायचे कसे ते पाहू आणि मग घड्याळाकडे वळू.

पहिली पायरी : ग्लास न मोजता ग्रॅम मोजावेत

'दोनच घेतले' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण दोन काय आणि केवढे, हे त्यातून कळत नाही. हिशेब मात्र सोपा आहे. पेयाचे मिलीलीटर गुणिले बाटलीवर छापलेली मद्याची टक्केवारी, भागिले १००, आणि आलेल्या उत्तराला ०.८ ने गुणावे, कारण एक मिलीलीटर शुद्ध मद्यार्काचे वजन सुमारे ०.८ ग्रॅम भरते. या रीतीने ५ टक्क्यांच्या ३३० मिलीलीटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क असतो आणि ५०० मिलीलीटरमध्ये २० ग्रॅम. तीच ५०० मिलीलीटर बिअर ८ टक्क्यांची असेल तर आकडा ३२ ग्रॅमवर जातो. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीलीटर ग्लासात सुमारे साडेपंधरा ग्रॅम, तर ४० टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या ६० मिलीलीटर पेगमध्ये सुमारे १९ ग्रॅम मद्यार्क येतो. 'एक ड्रिंक' या मापावर अवलंबून राहण्यातही गोंधळ आहे, कारण ब्रिटनमधील एक युनिट ८ ग्रॅमचे, ऑस्ट्रेलियातील प्रमाणित ड्रिंक १० ग्रॅमचे आणि अमेरिकेतील १४ ग्रॅमचे असते. वेगवेगळ्या देशांतील सल्ले वाचून त्यांची सरमिसळ करणाऱ्याची फसगत इथेच होते.

घरी ओतताना माप अंदाजाने घेतले जाते आणि अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो. मी एकदा माझ्या नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या सवयीने, बर्फाच्या दोन खड्यांवर 'साठ' ओतले आणि मग बर्फ काढून ते औषधाच्या मापाने मोजले, तर ते ८५ मिलीलीटर भरले. म्हणजे मी ज्याला तीन पेग म्हणत होतो ते प्रत्यक्षात चारहून अधिक होते. तेव्हापासून बाटलीशेजारी ३० मिलीलीटरचे धातूचे माप असते. रुंद तोंडाच्या बुटक्या ग्लासापेक्षा उंच, अरुंद ग्लासात ओतताना हात कमी सैल सुटतो, हेही या निमित्ताने लक्षात आले. पण मापाला पर्याय नाही.

दुसरी पायरी : घड्याळाचा हिशेब

पोटात गेलेल्या मद्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग शरीरात, मुख्यतः यकृतात, मोडला जातो आणि उरलेला थोडासा भाग श्वास, लघवी व घाम यांतून बाहेर पडतो. यकृताचा हा वेग सर्वसाधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम एवढा असतो आणि तो आपल्या इच्छेने वाढत नाही. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी किंवा 'सकाळी घाम गाळला की उतरते' हा सायकलस्वारांचा लाडका समज, यांपैकी कशानेही तो बदलत नाही. कॉफीने माणूस जागा होतो एवढेच, तो शुद्धीवर येतो असे नाही.

एक उदाहरण प्रत्यक्ष मांडून पाहू. शनिवारी रात्री ९ वाजता बैठक सुरू झाली आणि ६० मिलीलीटरचे चार पेग झाले, तर एकूण सुमारे ७७ ग्रॅम मद्यार्क पोटात गेला. तासाला ८ ग्रॅम धरले तर तो पूर्ण निघून जायला साडेनऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, म्हणजे सकाळचे पावणेसात वाजतील. राइडची वेळ साडेपाचची असेल तर हा सायकलस्वार हेल्मेट घालून, टायरमधली हवा तपासून, पूर्ण तयारीनिशी आणि रक्तात मद्य घेऊन रस्त्यावर उतरणार आहे. झोप झाली म्हणून आपण कोरे झालो असे त्याला मनापासून वाटत असते, आणि खरा धोका त्या वाटण्यातच आहे.

वजन आणि लिंग यांचाही हिशेबात भाग असतो, कारण मद्य शरीरातील पाण्यात पसरते आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असते. २० ग्रॅम मद्यार्क उपाशीपोटी घेतला तर ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या १०० मिलीलीटर रक्तात ढोबळमानाने ४० मिलीग्रॅमच्या आसपास मद्य आढळेल, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात ते ६५ मिलीग्रॅमच्या आसपास असेल. म्हणून राइडनंतर 'सगळ्यांना एकेक' हा न्याय वरवर समान वाटला तरी शरीराच्या दृष्टीने तो समान नसतो. हे सर्व आकडे अंदाजाचे आहेत. ते आपल्या बाजूने न वाकवता नेहमी सावध बाजूला धरावेत.

तिसरी पायरी : राइडच्या आधी आणि वाटेत काहीही नको

बाकीच्या पायऱ्यांमध्ये थोडे इकडे-तिकडे चालेल, या पायरीत नाही. चारचाकी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, सायकल मात्र तिच्यावर बसलेल्या माणसाच्या सततच्या सूक्ष्म तोल सावरण्यावर उभी असते. हे तोल सावरण्याचे काम ज्या लहान मेंदूकडे असते त्यावर मद्याचा परिणाम लवकर होतो. त्यातच प्रतिसाद मंदावतो, अंतराचा अंदाज चुकतो आणि याहून वाईट म्हणजे स्वतःच्या कौशल्यावरचा विश्वास वाढतो. नेहमी ब्रेक लावून उतरायच्या वळणावर त्या दिवशी ब्रेक लावावासा वाटत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे साडेपाच मीटरचे अंतर झाले.

वाटेतल्या थांब्यावर घेतलेल्या बिअरबाबत आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. दोन-तीन तास सायकल चालवल्यावर स्नायूंतील आणि यकृतातील साखरेचा साठा बराच खाली आलेला असतो आणि रक्तातील साखर टिकवण्यासाठी यकृत नव्याने साखर तयार करत असते. मद्य मोडण्याचे काम आले की यकृताची ही साखर बनवण्याची प्रक्रिया मंदावते. परिणामी पुढच्या टप्प्यात पाय गळणे, हात थरथरणे, डोके सुन्न होणे, ज्याला सायकलस्वार 'बाँक होणे' म्हणतात, ते लवकर येऊ शकते आणि बरोबरच्यांना ते केवळ 'चढली' असे वाटून दुर्लक्षिले जाते. थंडीत तर 'एक घोट घेतला की ऊब येते' हा समज उलटाच आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने ऊब वाटते, पण त्याच वाटेने शरीरातील उष्णता बाहेर पडत असते.

कायद्याचे म्हणाल तर प्रत्येक देशाचा नियम निराळा असून जिथे सायकल चालवायची तिथला नियम आधी पाहून घ्यावा. जर्मनीत रक्तातील मद्याचे प्रमाण हजारी १.६ झाले की सायकल चालवणे हा सरळ गुन्हा ठरतो आणि सायकल वेडीवाकडी चालत असेल तर हजारी ०.३ एवढ्यावरही कारवाई होऊ शकते. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून एक लीटर श्वासामागे ०.१५ मिलीग्रॅम मद्य आढळलेल्या सायकलस्वारालाही शिक्षेची तरतूद केली. यांतला जर्मनीचा वरचा आकडा पाहून कोणी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. हजारी १.६ या पातळीला बहुतेकांना सरळ चालणेही अवघड जाते. कायद्याची मर्यादा शिक्षा कुठे सुरू होते ते सांगते, तोल कुठे जातो ते नाही.

आणि एवढे करूनही वाटेत घेतलीच, तर सायकल कुलूप लावून तिथेच ठेवावी किंवा हाताने ढकलत न्यावी आणि परतायला दुसरे वाहन पाहावे. 'घर जवळच आहे' हे कारण मी स्वतःलाही दिलेले आहे. त्या रात्री माझे पुढचे चाक गतिरोधकाच्या कडेवरून घसरले आणि उजव्या कोपराची साल गेली. वेग जेमतेम दहाचा होता. रस्ता रोजचा होता आणि गतिरोधकही रोजचाच.

चौथी पायरी : राइडनंतरचा क्रम

राइड संपली, सायकल जागेवर लागली, आज पुन्हा ती काढायची नाही हे नक्की झाले, की मगच पुढचा विचार. क्रम असा ठेवावा की आधी पाणी, मग जेवण आणि त्यानंतर, हवाच असेल तर, ग्लास.

पाणी किती प्यावे हे तहानेवर सोडण्यापेक्षा वजनावरून ठरवणे सोपे आहे. राइडच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लीटर पाणी गेले असे समजावे आणि पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीड पट पाणी, थोड्या मिठासह, सावकाश भरून काढावे. लघवीचा रंग फिका पिवळा होईपर्यंत ग्लासाला हात लावू नये. मद्यामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणाऱ्या संप्रेरकाचा स्राव कमी होतो, त्यामुळे आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी निघून जाते. यावर शिरेफ्स आणि मॉन या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उपयोगी आहे. व्यायामाने पाणी कमी झालेल्या लोकांना ०, १, २ आणि ४ टक्के मद्यार्क असलेली पेये दिली असता २ टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही, पण ४ टक्क्यांच्या पेयाने रक्ताचे घटलेले घनफळ पूर्ववत होणे लांबले. म्हणजे नेहमीच्या बिअरने राइडची तहान भागवणे हा हिशेब तोट्याचा आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. जर्मन भाषेत 'राडलर' म्हणजे सायकलस्वार, आणि बिअर व लिंबाचे गोड शीतपेय यांच्या मिश्रणालाही तेच नाव आहे. निम्मे-निम्मे मिश्रण केले की ५ टक्क्यांचे अडीच टक्के होतात आणि ग्लास तेवढाच मोठा राहतो. ज्यांना हातात थंड, फेसाळ ग्लास हवा असतो पण त्यातल्या मद्याशी फारसे देणेघेणे नसते, त्यांच्यासाठी ही युक्ती चांगली आहे. मद्यविरहित बिअर त्याहूनही चांगली, फक्त लेबल पाहून घ्यावे, कारण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पेयांत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असतो.

जेवणात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने दोन्ही हवीत. लांबच्या राइडनंतर वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम पिष्ट आणि एकूण २० ते २५ ग्रॅम प्रथिने, हे पहिल्या जेवणाचे चालण्याजोगे माप आहे. २००३ साली लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी सायकलस्वारांवरच केलेल्या अभ्यासात, जेवणातील पिष्टाची जागा मद्याने घेतली तेव्हा स्नायूंतील साखरेचा साठा कमी भरला. खरे नुकसान पुष्कळदा असे होते की ग्लास आणि तळलेले चटकमटक यांनीच पोट भरते आणि जेवण राहूनच जाते. २०१४ सालच्या आणखी एका अभ्यासात, व्यायामानंतर प्रथिनांबरोबर भरपूर मद्य घेतल्यावर स्नायूंत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग सुमारे २४ टक्क्यांनी घटला. मात्र त्यातले प्रमाण किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम होते, हे ध्यानात ठेवावे. एका ग्लासाने मेहनत वाया जाते असा निष्कर्ष यातून काढणे योग्य नव्हे, पण पाच-सहा ग्लासांनी काहीच होत नाही असे म्हणणेही शक्य नाही.

पाचवी पायरी : संध्याकाळची आणि आठवड्याची मर्यादा

मर्यादा पहिला घोट घेण्यापूर्वी ठरवावी, कारण मद्याचा पहिला परिणाम मर्यादा ठरवणाऱ्या बुद्धीवरच होतो. ब्रिटनने २०१६ साली स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम, ही वरची सीमा सांगितली आणि तेवढे घेणाऱ्याने ते तीन किंवा अधिक दिवसांत विभागावे असे म्हटले. सायकलस्वाराने याहून खाली राहावे असे माझे मत आहे. एका संध्याकाळी २० ग्रॅम आणि आठवड्यातून अशा दोनच संध्याकाळी, हे माप मी स्वतःसाठी ठेवले आहे. आठवडाभर वाचवलेले सगळे शनिवारी उधळणे हा मात्र हिशेबाचा निव्वळ देखावा आहे.

झोपेचा भाग याहून महत्त्वाचा आहे. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते, स्वप्नांची झोप घटते आणि नाडी नेहमीपेक्षा वेगाने चालते. राइडचा खरा लाभ झोपेतच शरीरात मुरत असल्याने शेवटचा घोट आणि झोप यांत तीन-चार तासांचे अंतर ठेवावे. याचा सोपा अर्थ असा की रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा भरणे नाही.

'तेवढे तर जाळलेच की' हा युक्तिवादही तपासून घ्यावा. एक ग्रॅम मद्यार्कातून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात आणि त्यांचा स्नायूंतील साठा भरायला उपयोग होत नाही.

सहावी पायरी : दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवणे

अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजावी. नेहमीपेक्षा ती सात-आठ ठोक्यांनी अधिक असेल, तोंड कोरडे असेल, उठताना क्षणभर तोल गेल्यासारखे वाटत असेल, किंवा घड्याळाचा हिशेब अजून शून्यावर आलेला नसेल, तर त्या सकाळी राइड नाही. हिशेब शून्यावर आला पण हँगओव्हर आहे, अशा वेळी दुपारनंतर सपाट रस्त्यावर, एकट्याने, हलक्या गिअरवर तासभर फिरून यावे. गटाच्या मागे चाकाला चाक लावून चालवणे आणि उतार या दोन गोष्टी त्या दिवशी टाळाव्यात, कारण तिथे एकाची चूक चौघांना भोवते. ठरलेली राइड रद्द केल्याचा संदेश गटात टाकायला लाज वाटते हे खरे, पण कारण सांगणे बंधनकारक नसते.

काही वेळा मुळीच नको

पडून मार लागला असेल तर दोन-तीन दिवस मद्य टाळावे. त्याने सूज आणि रक्तस्राव वाढू शकतो. डोक्याला मार लागला असेल तर प्रश्नच नाही, कारण मेंदूच्या दुखापतीची लक्षणे आणि मद्याची लक्षणे एकमेकांत मिसळून जातात आणि बरोबरचा माणूस 'झोपू द्या त्याला' म्हणून मोकळा होतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतले असेल तर त्यावर मद्य घेतल्याने जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलबरोबर जास्त मद्य घेतले तर यकृतावर ताण येतो, आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी गुंगी दुप्पट होते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची साखर राइड आणि मद्य यांच्या एकत्रित परिणामाने कित्येक तासांनी, अगदी झोपेतही, धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी हा विषय आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावा. वर्षानुवर्षे लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, तुलनेने अधिक आढळतो आणि मद्य हे त्याला चालना देणारे ओळखीचे कारण आहे. छातीत फडफडल्यासारखे वाटणे, नाडी एकाएकी वेडीवाकडी होणे, असे एकदाही झाले असेल तर तपासणी होईपर्यंत मद्य पूर्ण बंद ठेवावे. गरोदरपणात ते नकोच.

नोंद ठेवणे

राइडची नोंद आपण किलोमीटर, चढाई आणि वेगासह ठेवतोच. त्याच वहीत आदल्या रात्रीचे ग्रॅम आणि सकाळची नाडी असे दोन रकाने वाढवावेत. सहा-आठ आठवड्यांनी त्याच चढावरचे आकडे शेजारी-शेजारी पाहिले की प्रमाणाबद्दल वेगळा सल्ला लागत नाही. माझ्या नोंदीत आदल्या रात्री ४० ग्रॅमच्या वर गेलेल्या प्रत्येक सकाळी ओळखीच्या चढावर नाडी दहा-बारा ठोके वर होती आणि वेळ मात्र अधिकच लागला होता.

याच वहीत ठरवलेला आकडा आठवड्यामागून आठवडा ओलांडला जात असल्याचे दिसले, ग्रॅम लिहायचे टाळावेसे वाटू लागले किंवा राइडपेक्षा राइडनंतरच्या बैठकीची ओढ अधिक वाटू लागली, तर तो विषय डॉक्टरांकडे न्यावा. जो रोज आणि भरपूर पितो त्याने तर एका दिवसात स्वतःच्या जोरावर सोडण्याचा प्रयोग करू नये, कारण अशा वेळी थरथर, भ्रम आणि आकडी येऊ शकते. हे सोडणे वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवे, आणि ते होईपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली राहिली तरी चालेल.